एक्केचाळीस कोपरे

१

"थोरली मोजते. मोजू दे तिला. पण ऐकते ती धाकटीच!"

बाबांचा हा आवाज थोरलीच्या मनात पंचेचाळीस वर्षं मुक्काम ठोकून होता. न बोलावता आलेला पाहुणा जसा घरचाच होऊन बसतो, तसा.

बाबा फिटर. शाळेच्या एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी दोघी लेकींना कारखाना दाखवायला नेलं होतं. थोरली नऊ वर्षांची, धाकटी सहाची. थोरलीनं एका यंत्राच्या मोठ्या चाकाचे दाते मोजले. शहाण्णव. पुन्हा मोजले, पुन्हा शहाण्णव. बाबा म्हणाले, "बरं." मग त्यांनी आपली लाकडी मुठीची सळई यंत्राला टेकवली आणि मूठ धाकटीच्या कानाला लावली. धाकटीनं डोळे मिटले. "बाबा, हिला खोकला झालाय," ती म्हणाली. यंत्र उघडलं, तर आतलं बेअरिंग खरंच गेलेलं! बाबांनी तिला उचलून खांद्यावर घेतलं आणि भरल्या कारखान्याला ओरडून ते वाक्य सांगितलं. थोरली खाली उभी राहून त्यांच्या बुटाचे टाके मोजत होती.

म्हणून त्या सकाळी धाकटीच्या पेटीत एक्केचाळीस यंत्रं मेलेली सापडली, तेव्हा थोरलीला पहिल्यांदा झाला तो आनंद. लाज मागून आली. पण आधी आनंद.

बहिणी एकाच कचेरीत होत्या. कचेरीचं काम सांगायला सोपं आणि करायला महाकठीण: देशात यंत्रं किती आहेत, आणि ती सगळी चालली तर माल किती निघेल, हे मोजायचं. दप्तर सांभाळणारे म्हातारे दप्तरी ते आणखी सोपं करून सांगत, "घरात घागरी किती हे शेजारीणसुद्धा सांगेल हो. त्यातल्या गळक्या किती, ते सांगा!"

प्रत्येक यंत्राचं एक कार्ड. यंत्र जिवंत असलं तर कार्ड अख्खं. ते पुन्हा कामाला येणार नसलं, किंवा येईल याची खात्री नसली, तर ते मेलेलं धरायचं. मेलेल्याच्या कार्डाचा उजवा कोपरा टेबलाला ठोकलेल्या बिडाच्या कातरीनं उडवायचा आणि पाठीमागे कारण लिहून सही करायची. मग उभ्या कार्डांच्या रांगेवरून नुसतं बोट फिरवलं तरी मेलेली मोजता येत. बोट खड्ड्यात जाई.

थोरली नोंदप्रमुख होती. काल सकाळी तिनं धाकटीच्या पेटीवरून बोट फिरवलं होतं: दोनशे बारा खड्डे. आज सकाळी दोनशे त्रेपन्न. नव्या एक्केचाळीस कार्डांमागे ना कारण, ना सही. काल थोरली कचेरीबाहेर होती ती फक्त जेवणाच्या सुट्टीत, म्हणजे कापाकापी तेव्हाचीच.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्मा काढला की कुणाची तरी बदली होई, असं कचेरीत म्हणत.

"संध्याकाळी पाचला आकडा नियोजन मंडळाकडे जायचाय. मोठ्या बाई, हे कुणी केलं ते तोवर शोधा. नाही सापडलं, तर धाकट्या बाईंची अख्खी पेटी बाद. नदीकाठचे सगळे कारखाने या देशात नाहीतच, असं समजायचं. आणि त्या उद्यापासून भांडारात टाचण्या वाटायला बसतील."

"साहेब, बहीण आहे माझी. दुसऱ्या कुणाला तरी..."

"म्हणून तर तुम्हाला सांगतोय." साहेबांनी तिच्याकडे बघितलंही नाही. "तुम्ही तिला पाठीशी घालणार नाही, हे सगळ्या कचेरीला ठाऊक आहे."

२

पहिला संशय जिथं जायचा तिथंच गेला. तक्तेवाल्यावर.

हा कचेरीतला सगळ्यांत शिकलेला माणूस. परदेशातून दोन पदव्या आणि एक छापील तक्ता घेऊन आलेला. कुठलं यंत्र किती वर्षं जगतं ते त्या तक्त्यात होतं. लेथ वीस वर्षं, माग पंचवीस, बॉयलर तीस. त्याच्या मते कारखान्यात जाऊन धूळ खायची गरजच नव्हती. खरेदीचं साल बघा, वजाबाकी करा, मेलेली बाजूला काढा. पण गेल्या बैठकीत धाकटीनं एकतीस वर्षांच्या मागावर विणलेलं ताजं कापड साहेबांच्या टेबलावर पसरलं होतं. "हे मेलेल्यानं विणलंय," ती म्हणाली होती. साहेब हसून हसून खोकले आणि म्हणाले, "तक्ता खिशात ठेवा, राव."

थोरलीनं विचारलं, "राग आला होता ना त्या दिवशी?"

"राग?" तक्तेवाल्यानं पेन्सिलीचं टोक दातांनी कुरतडलं. "राग सरळ असतो हो मोठ्या बाई. मला मत्सर वाटला. मी सहा वर्षं शिकलो त्याची ती सहा पावलांत वाट लावते. यंत्राजवळ जाते, सळई टेकवते आणि म्हणते, 'आहे अजून जीव.' हे काय शास्त्र झालं? पण साहेबांना पटतं. तुम्हाला नाही कळायचं ते."

थोरलीला ते इतकं कळत होतं की तिनं नजर खाली वळवली.

"काल जेवणाच्या सुट्टीत कुठं होता?"

"शेजारी, पुस्तकांच्या खोलीत. कातरी वाजत होती, खट्, खट्. डोकं उठलं. मला वाटलं, तुम्हीच आहात."

"मी?"

"एवढ्या बिनधास्त आवाजात दुसरं कोण कापणार? दार सताड उघडं होतं." मग तो जरा पुढं झुकला. "आणि मला अडकवायचं असेल तर आधी कार्डांवरची वयं बघा. मी यंत्रं मारली असती तर वयानं मारली असती. माझ्याच तक्त्याचा अपमान मी कसा करीन?"

ती उठली, तेव्हा तो मागून म्हणाला, "आणि तुमच्या त्या लाल शाईच्या वाटणीत मला एकदा तरी विणाई खातं द्या. दर वर्षी तिलाच. मागितलं की तुम्ही म्हणता, तिथं कान असलेलं माणूस लागतं. आम्ही काय बिनकानाचे?"

कोण कुठल्या कारखान्यात मोजायला जाईल, ती वाटणी अकरा वर्षं तिच्याच हाताची होती. त्याबद्दल बोलायला तिला आवडत नसे.

जागेवर येऊन तिनं कार्डं बघितली. माग क्रमांक सात, वय आठ वर्षं: कोपरा उडालेला. माग क्रमांक तीन, वय एकतीस: कार्ड अख्खं, नव्या नवरीसारखं.

तक्त्यानं हे मारलेले नव्हते.

३

बेरीजबाई आकडेयंत्रावर बसत. दिवसभर त्यांची बोटं कळांवर पडत आणि दिवसभर त्यांची जीभ त्यांच्याबरोबर चाले.

"या, या. माझ्यावर पण संशय ना? घ्या, घ्या. तेवढं तरी माझ्या नावावर होऊ दे. अहवालावर नाव कुणाचं? धाकट्या बाईंचं. नऊ हजार कार्डांची बेरीज कुणी केली? मी. माझ्या नवऱ्यानं अहवाल चाळला आणि म्हणाला, 'तू कुठायस गं यात?' मी म्हटलं, बेरजेच्या रेघेखाली आहे, बघा दिसते का!"

"म्हणजे तुमचा तिच्यावर राग आहे."

"आहे की. जळफळाट आहे नुसता. मी लपवत नाही, काही लोकांसारखी." बाईंनी तिच्याकडे तिरकं बघितलं. "पण एक सांगा. एक्केचाळीस मेली म्हणजे बेरीज बदलली. माल किती निघेल तोही आकडा बदलला. सकाळपासून सतरा पानं मी पुन्हा करतेय, बोटांची सालं निघाली. दुसरीचं घर जाळायला कुणी स्वतःच्या छपराला काडी लावतं का?"

हे खरं होतं. सतरा पानं समोर पडली होती.

"कातरी ऐकलीत का काल?"

"दोन खोल्या सोडून मी डबा खात होते, तरी दाताखाली खडा आल्यागत वाटत होतं. केवढी वाजते ती! तेल घालत नाही का कुणी?"

दप्तरी शिडीवर सापडले. कालही ते त्या वेळी शिडीवरच होते, म्हणून कान होते पण डोळे नव्हते.

"खाली उतरून बघावंसं नाही वाटलं, काका?"

"का उतरू? चोर असा वाजवतो का?" दप्तरींनी वरूनच धूळ झटकली. "चोराला घाई असते. तो चार कापील, थांबेल, कानोसा घेईल. हे म्हणजे सुतार खिळे ठोकतो तसं चाललेलं. एकसारखं, निवांत. मी म्हटलं, घरचंच माणूस आहे, कचेरीचं काम करतंय. आणि मोठ्या बाई, मी मनात म्हटलं ते सांगू? खणात साधी कात्री आहे. ज्याला लपवायचंय त्यानं ती घेतली असती. एक चकार आवाज झाला नसता."

थोरली जिन्याच्या कठड्याला टेकून उभी राहिली. लपवायचं तर होतं, कारण सही केली नाही. पण आवाजाची भीती वाटली नाही. हा कसला चोर?

४

आता धाकटीच उरली होती. थोरलीनं तिला मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. जिभेवर घोळवायची वस्तू माणूस लगेच गिळत नाही.

धाकटी आपल्या टेबलाशी वाकून बसली होती. सहा महिन्यांपूर्वी तिनं खुर्ची फिरवून घेतली होती, पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे. दरबार भरवते जशी. थोरली आज कपाटामागच्या बाजूनं आली.

"चिमणे." घरातली हाक. उत्तर नाही.

"अगं चिमणे!" महाराणींनी मान वर केली तर शपथ.

शेवटी थोरलीनं खांद्यावर हात ठेवला. धाकटी एवढी दचकली की दौत कलंडली.

"ताई! केवढ्यानं घाबरले."

"दोन हाका मारल्या. पण आम्ही कोण, आमच्या हाकेला ओ द्यायला?"

धाकटी शाई टिपत राहिली. दोघी एकाच घरात राहत, एका जिन्याच्या दोन खोल्यांत. आईची एक ओवी धाकटी भांडी घासताना गुणगुणायची:

थोरली माझी लेक, भरल्या घागरी मोजून ठेवी,
धाकटी माझी लेक, पाण्याचं गाणं ऐकत राही.

ती ऐकली की थोरली आपल्या खोलीचं दार लोटून घ्यायची. आईसुद्धा तेच म्हणून गेली होती, फक्त चालीत. अलीकडे धाकटीनं गुणगुणणं सोडलं होतं. घर शांत झालं होतं आणि थोरलीला बरं वाटत होतं.

"काल जेवणाच्या सुट्टीत कुठं होतीस?"

"इथंच. डबा खाल्ला."

"बाहेर गेली नाहीस?"

"नाही."

कातरी त्या खुर्चीपासून सहा पावलांवर होती. थोरलीनं ती नजरेनं मोजली, मग सावकाश विचारलं, "कातरीचा आवाज ऐकलास?"

धाकटीनं तिच्या तोंडाकडे टक लावून बघितलं. इतकं टक लावून की कुणालाही उर्मट वाटावं.

"नाही ताई. मी काहीच ऐकलं नाही."

पुस्तकांच्या खोलीत ऐकू आला, दोन खोल्यांपलीकडे ऐकू आला, शिडीवर ऐकू आला, आणि सहा पावलांवर नाही? थोरली वळली. तिला सकाळचा तो आनंद पुन्हा झाला. खोटारडी! एवढ्या वर्षांनी सापडली होती ती खोटं बोलताना. आणि तीही बाबांची लाडकी.

"तू केलंस का?" एवढं मात्र तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित उत्तर मिळालं असतं, आणि थोरलीला उत्तर नको होतं. तिला पकडायचं होतं.

५

दुपारी एकला तिनं एक्केचाळीस कार्डं एका रांगेत मांडली आणि त्यांच्यासमोर पेटीतली अख्खी चाळीस. मोजणं हे तिचं काम होतं. बाबा त्याला नुसतं 'बरं' म्हणाले असले तरी.

वय जुळेना. कारखाना जुळेना. बनावट जुळेना. मग तिनं ती ओळ वाचली जी कुणी वाचत नसे. प्रत्येक कार्डाच्या तळाशी एक प्रश्न छापलेला होता: 'चालू स्थितीत आहे हे कशावरून?' मोजणारी माणसं तिथं दोन शब्द खरडत. यंत्र चालू असेल तर 'माल पाहिला.' पण कारखान्यात सूत संपलेलं असेल तर माल निघत नाही, आणि रिकामं यंत्र म्हणजे मेलेलं यंत्र नव्हे. अशा वेळी ते मिनिटभर रिकामं फिरवून घ्यायचं, सळई टेकवायची आणि आतली चाकं कशी बोलतात ते ऐकायचं. तेव्हा लिहायचं, 'आवाजावरून.'

उडालेले कोपरे: आवाजावरून. आवाजावरून. आवाजावरून. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस.

अख्खी कार्डं: माल पाहिला. माल पाहिला. म्हणून एकतीस वर्षांचा म्हातारा माग वाचला होता. त्याचं कापड डोळ्यांनी बघितलेलं होतं. आठ वर्षांचा सात नंबर मेला होता. त्याचा नुसता आवाज ऐकलेला होता.

आणि हो, चार अख्ख्या कार्डांवरही 'आवाजावरून' होतंच. थोरलीनं तारखा बघितल्या. ती चारही सहा महिन्यांपेक्षा जुनी. मेलेली सगळी त्यानंतरची.

म्हणजे ज्यानं कापलं त्याचं यंत्रांशी वैर नव्हतं. त्याचा गेल्या सहा महिन्यांतल्या ऐकण्यावर विश्वास नव्हता.

कोण म्हणेल की धाकटीचं ऐकणं खोटं आहे? तसं म्हणायची ज्याला पंचेचाळीस वर्षं हौस होती, असं कचेरीत एकच माणूस होतं. हे साहेबांना कळलं, तर संशय कुणावर येईल ते तिला दिसत होतं. घड्याळात सव्वा वाजला होता.

तिनं सात नंबरचं कार्ड पर्समध्ये टाकलं आणि बस पकडली.

६

विणाई खात्याचं दार उघडलं आणि आवाज तिच्या अंगावर भिंतीसारखा कोसळला. शंभर माग, शंभर धोटे, एकाच वेळी. फिटरची मुलगी असून आणि अकरा वर्षं या जागेची वाटणी करून ती इथं कधी आली नव्हती. मिस्त्री तोंड हलवत होता, शब्द येत नव्हते. तिनं दोन्ही कान दाबून धरले. दहा मिनिटांत तो तिला मागच्या अंगणात घेऊन आला, तरी तिच्या डोक्यात शिट्टी वाजतच होती.

"सवय नाही तुम्हाला," मिस्त्री हसला. "हा घ्या तुमचा सात नंबर."

माग अंगणात उताणा पडला होता, अर्धा सोडवलेला.

"परवाच मोडीत काढला. तुमच्या बाईंना लगेच पत्र टाकलं, त्यांनी जिवंत लिहिला होता ना. तसा तेव्हाच गेलेला तो. गिअरचा दात तुटून आत पडलेला. रिकामा फिरवला तरी नुसती बोंब! मी बाईंना म्हटलं, 'ऐकताय ना, दात गेलाय.' त्या हसल्या, मान हलवली आणि लिहून टाकलं, चालू."

"धाकटीनं? तिला एवढं कळलं नाही?"

"मलाही नवल वाटलं. ज्या बाईंनी एकदा भिंतीपलीकडून मला सुटलेला बोल्ट सांगितला होता! आणि हल्ली ती सळई कानाला लावत नाहीत. मूठ दातांत धरतात."

"दातांत?"

"माझा थोरला भाऊ तसंच करायचा, शेवटी शेवटी. तीस वर्षं या खात्यात काढली त्यानं. कान जातो ना, मग दातांतून हाडाला जेवढं कळेल तेवढं." मिस्त्रीनं हात पुसले. "तुम्ही दहा मिनिटांत कान धरलेत, बाई. त्या अकरा वर्षं येतात, आठ-आठ दिवस राहतात. मी एकदा विचारलंसुद्धा, दर वेळी तुम्हीच कशा? दुसरं कुणी नाही का कचेरीत?"

"काय म्हणाली ती?"

"म्हणाल्या, 'ताई वाटणी करते. तिला वाटतं, हे मलाच जमतं. तेवढं एक कौतुक करते ती माझं.'"

परतीच्या बसमध्ये थोरलीनं काहीच मोजलं नाही. थांबे नाही, खिडक्या नाहीत, माणसं नाहीत.

७

साडेचारला सगळे कार्डांच्या खोलीत जमले. साहेब, तक्तेवाला, बेरीजबाई, शिडीवरून उतरवलेले दप्तरी. धाकटी भिंतीला पाठ लावून, सगळ्यांची तोंडं दिसतील अशी.

थोरलीनं एकेक करून सांगितलं. तक्तेवाल्यानं वय बघून मारलं असतं, ही यंत्रं वयानं मेलेली नाहीत. बेरीजबाईंनी आपलीच सतरा पानं फाडली नसती. "आणि ज्यानं कापलं त्यानं कार्डाची तळओळ वाचली. फक्त ऐकून जिवंत धरलेली, तीही गेल्या सहा महिन्यांतली, तेवढीच मारली. कापून काही मिळवलं नाही. खात्री नसेल ते मेलेलं धरावं, हा तर आपलाच नियम. फक्त कारण लिहिलं नाही, कारण ते लिहिता येण्यासारखं नव्हतं."

"नाव सांगा, मोठ्या बाई," साहेब म्हणाले.

"हे काम अशा माणसाचं, की ज्यानं दार उघडं ठेवून एक्केचाळीस वेळा ती कातरी दाबली, आणि ती एवढी वाजते हे त्याच्या..."

ती थांबली. पुढचं वाक्य जिभेवर तयार होतं. पंचेचाळीस वर्षं तयार होतं. भरल्या कारखान्याला ओरडून सांगावं तसं सांगायचं: बघा, ऐकते ती धाकटी नव्हे! धाकटी तिच्या ओठांकडे बघत होती. पुढचा शब्द कुठला येणार हे ओठांच्या आधी तिच्या डोळ्यांना कळलं होतं, आणि ते डोळे सहा वर्षांच्या पोरीचे होते.

"साहेब, सगळे जरा बाहेर थांबा. दहाच मिनिटं."

"पाच वाजता आकडा..."

"जाईल. मी सही करून देईन."

सगळे गेले. दप्तरींनी दार ओढलं, पण ते दार कधीच नीट लागत नसे.

थोरली धाकटीच्या अगदी समोर खुर्ची ओढून बसली. ओठ दिसतील अशी. "किती ऐकू येतं?"

"डाव्यानं थोडं. उजव्यानं कापूस." धाकटी हसायचा प्रयत्न करत होती. "तू मोजणारी. तुला कळणारच होतं. दातांत सळई धरून भागेल असं वाटलं गं. मग काल सकाळी सात नंबरचं पत्र आलं. म्हटलं, एक चुकलं तर बाकीची चाळीस कशावरून बरोबर? देशाच्या आकड्यात माझं खोटं कसं जाऊ देऊ? कापून टाकली. खरंच वाजते का कातरी?"

"वाजते. दोन खोल्यांपलीकडे."

"अगंबाई!" तिनं तोंडावर हात घेतला, आणि क्षणभर दोघी हसल्या, लहानपणी आईच्या मागे हसत तशा. मग धाकटीचे डोळे भरले. "सही कशी करू? कारण काय लिहू? बाबांनी मला एवढी एकच वस्तू दिली होती, ताई. तुझ्याकडे आकडे होते, नेटकेपणा होता, घर तू चालवलंस. माझ्याकडे नुसता कान. तोही हरवला हे तुला कसं सांगायचं? तू तर वाटच बघत होतीस."

थोरलीनं ते ऐकून घेतलं. मग सात नंबरचं कार्ड पालथं केलं आणि लाल शाईनं लिहिलं: 'कारण: मोजणारीच्या कानाला इजा. यंत्र पुन्हा मोजावं. दोष वाटणी करणारीचा.' खाली स्वतःची सही केली. दुसरं कार्ड घेतलं. तेच.

धाकटीनं वाचलं. "वाटणीचा काय संबंध? मला तर ते खातं आवडायचं. तूच म्हणायचीस, मलाच जमतं म्हणून."

थोरली उठून खिडकीशी गेली. काचेकडे तोंड करून काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणालीस? ताई, इकडे बघ. मला कळलं नाही."

काही नाही, असं म्हणता आलं असतं. दाराबाहेर पावलं थबकलेली होती, फटीतून साहेबांची सावली आत पडली होती. थोरली परत आली. तिनं धाकटीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि विणाई खात्यात बोलावं लागतं तसं, एकेक शब्द सुटा करून, सगळ्या कचेरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"ते खातं मी अकरा वर्षं मुद्दाम तुझ्या वाट्याला टाकलं, चिमणे. तिथं कान जातात, हे बाबांनीच सांगितलं होतं. मला माहीत होतं. कान त्यांनी तुला दिला होता, आणि तो तुझ्याकडे राहिलेला मला बघवत नव्हता."